मॅडम, पुस्तकात चुकीचं लिहिलंय

या वेळचं पत्र आपल्या इंदूरचंच आहे. लिहिणारी सव्वीस वर्षांची, एका प्रायव्हेट सीबीएसई शाळेत नववी-दहावीला सोशल सायन्स शिकवते, नाव देऊ नका म्हणालीये. पत्र लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. वर्गात एक मुलगा आहे जो रील्स बघून येतो आणि धडा चालू असताना उभा राहून म्हणतो, "मैडम, बुक में गलत लिखा है, असली हिस्ट्री तो छुपा दी." काही वेळा हिने ऐकून घेतलं, शेवटी एक दिवस म्हणाली की पेपरात बुकातलंच लिहायचंय, खाली बस. तेव्हापासून तो गप्प आणि त्याच्याबरोबर सगळा वर्गच गप्प, आता कोणी काही विचारतच नाही, नुसतं "मैडम, ये इम्पॉर्टेंट है क्या?" एवढंच. वर को-ऑर्डिनेटर रोज विचारते कोर्स कुठवर आला, आणि पॅरेंट्स मीटिंगला एका मुलीचे बाबा सरळ म्हणाले की हिस्ट्रीचा स्कोप काय, मॅथ्सवर ध्यान द्या. तिचे प्रश्न तीन आहेत: त्या मुलाला काय उत्तर देऊ, हे सगळं करायला वेळ कुठून आणू, आणि हिस्ट्री सोडून इंग्लिश शिकवायला घेऊ का.

अगं, माझी भाची तुझ्याच वयाची आहे म्हणून सरळ अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

आधी त्या मुलाचंच बोलू, कारण बाकी सगळं त्याच्या मागून येतं. तुझ्या वर्गात तो एकटा असा आहे ज्याला आतून वाटतं की इतिहासात खरं आणि खोटं असतं आणि ते महत्त्वाचं असतं. बाकीच्यांना इतिहास म्हणजे पाच मार्कांचं उत्तर, पॉइंटवाईज लिहिलं की संपलं. त्याची माहिती चुकीची असेल, बरीचशी असेलच, पण त्याला जे पाहिजे ते चुकीचं नाहीये. असली हिस्ट्री पाहिजे म्हणतोय ना तो, मग असली हिस्ट्री शोधतात कशी ते त्याला दाखव, बाकीची मुलं पण बघतील. तू त्याला खाली बसवलंस त्याचं मला काही वाटलं नाही, चाळीस मुलं आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा पीरियड, कोणीही बसवलं असतं. पण मुलांनी त्यातून असं धरलं की मॅडमकडे उत्तर नाही आणि रीलवाल्याकडे आहे, आणि रीलवाला तर चोवीस तास बोलायला तयार बसलेला आहे.

त्यामुळे उद्यापासून एक प्रश्न वर्गात रोजचा करून टाक, "कशावरून?" रीलला विचारायचा, पुस्तकाला विचारायचा आणि तुलाही विचारायचा, तिघांना सारखाच. ह्यात पुस्तकाला सूट दिलीस की खेळ संपला, पोरांना ते लगेच कळतं.

पण सुरुवात औरंगजेबापासून करू नकोस, प्लीज. ज्या विषयावर घरी, टीव्हीवर, सगळीकडे आधीच आवाज चढलेले आहेत तिथे चौदा-पंधरा वर्षांचं पोर पुरावा बघू शकत नाही, ते आपली बाजू सांभाळत बसतं. आधी असं काहीतरी घे की ज्यात कोणाचं काही दुखत नाही पण सगळ्यांना ते पाठ आहे. आपल्याकडे तर ते आयतंच आहे, आडा बाजार. राजवाड्याच्या बाजूला रोज हजारो लोक तिथून जातात आणि ती गोष्ट इंदूरच्या प्रत्येक पोराला माहीत असते: अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव, त्यांच्या रथाखाली वासरू मेलं, गाय रस्त्यात बसून राहिली, अहिल्याबाईंनी विचारलं, शिक्षा सांगितली, आणि मुलाला त्याच रस्त्यावर बांधून स्वतः रथ हाकायला निघाल्या, तर तीच गाय पुन्हा पुन्हा आडवी आली. वर्गाला ही गोष्ट मुलांकडूनच सांगून घे, पाच जण पाच तऱ्हेने सांगतील, कोणी रथ म्हणेल कोणी हत्ती, ते सगळं बोर्डवर लिही. आणि मग विचार, कशावरून?

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव होळकर गेले मे १७६६ मध्ये. मालेराव गादीवर आले आणि १७६७ मध्ये आजारपणात वारले, म्हणजे त्यांचा कारभार वर्षभराचा पण नाही. त्यानंतर अहिल्याबाईंनी राज्य हातात घेतलं आणि राजधानी नर्मदेच्या काठी महेश्वरला नेली, १७९५ मध्ये गेल्या त्या तिथेच. पोरांना हे ऐकूनच धक्का बसतो, कारण एअरपोर्टला त्यांचं नाव, युनिव्हर्सिटीला त्यांचं नाव, राजवाड्यासमोर पुतळा, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की त्या राजवाड्याच्या झरोक्यात बसून न्याय करायच्या. मग पुढचे प्रश्न मुलंच विचारायला लागतात, की गोष्टीतला न्याय चालू होता तेव्हा राज्य कोणाचं होतं, सासऱ्यांचं की मुलाचं, त्या वेळी त्या कुठे होत्या, ही गोष्ट सगळ्यात आधी कोणी लिहिली. मोठ्याने "ही गोष्ट खोटी आहे" असं जाहीर करायची तुला गरजच नाही. उलट शेवटी हे विचार की मग लोकांनी ही गोष्ट एवढी वर्षं का जपली. कारण ती गोष्ट मालेरावांबद्दल फार काही सांगत नसली तरी इंदूरच्या लोकांना आपली राणी कशी आठवायची होती ते अगदी नीट सांगते, आणि तो पण इतिहासच झाला. कोणाच्या आजीचा अपमान न करता हे करता येतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ही गोष्ट त्या मुलांना आजीनेच सांगितलेली असते.

इथेच जॉन माल्कम वर्गात आण, ईस्ट इंडिया कंपनीचा सेनाधिकारी. हा माणूस १८१७ च्या डिसेंबरमध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढला, जानेवारी १८१८ मध्ये होळकर आणि इंग्रजांचा मंदसौरचा तह झाला, आणि मग ह्यालाच माळव्याची घडी बसवायला ठेवलं. त्याने इथल्या लोकांना, म्हाताऱ्या कारभाऱ्यांना विचारून विचारून अहिल्याबाईंबद्दल लिहून ठेवलं, ते १८२३ मध्ये छापून आलं आणि त्यात तिच्या कारभाराची भरपूर तारीफ आहे. आता वर्गाला विचार: हा शत्रूपक्षाचा माणूस, त्याने केलेली तारीफ जास्त वजनाची की कमी? एक मुलगा म्हणेल जास्त, कारण त्याला खोटं बोलायचं कारण काय. दुसरी म्हणेल की त्याला नंतरचे होळकर वाईट दाखवायचे असतील म्हणून आधीची राणी चांगली दाखवली. दोन्ही उत्तरं चांगली आहेत! दहावीच्या पोराने एवढा विचार केला ना की मला शाळेच्या बाहेर जाऊन कोणाला तरी सांगावंसं वाटतं.

मग एक नाणं दाखव. महेश्वरच्या टांकसाळीतला रुपया, अहिल्याबाईंच्या काळातला. फोटो मोठा करून प्रिंट काढ किंवा स्मार्टबोर्डवर लाव आणि काही सांगू नकोस, दोन मिनिटं नुसतं बघू दे. त्यावर शिवलिंग आहे, बेलाचं पान आहे, आणि अक्षरं फारसी आहेत, नाव दिल्लीच्या बादशहाचं, शाह आलमचं. पोरं बघतच राहतात. जिने काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं बांधली, घाट बांधले, तिच्या रुपयावर मुघल बादशहाचं नाव? तुझा तो मुलगा इथे नक्की बोलेल, बोलू दे. मग पुढचं दे त्याला, की शाह आलमच्या हातात तेव्हा दिल्ली पण धड नव्हती, १७८८ मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले आणि महादजी शिंद्यांनी त्याला परत गादीवर बसवलं. आणि एवढंच नाही, ईस्ट इंडिया कंपनी सुद्धा १८३५ पर्यंत मुघल बादशहाच्या नावाने रुपये पाडत होती. का बरं? त्यांना विचार करायला लाव की तू व्यापारी आहेस, सुरतेहून माळव्यात अफू नाहीतर कापड घ्यायला आलायस, कुठला रुपया बिनदिक्कत घेशील? ज्याचा छाप सगळीकडे ओळखीचा आहे तोच ना. म्हणजे एका नाण्यात धर्म, बाजार आणि राजकारण तिन्ही एकदम दिसतात. "हिंदू विरुद्ध मुसलमान" एवढ्या एकाच चष्म्यातून हे नाणं वाचताच येत नाही, आणि हे तू लेक्चर देऊन सांगितलं असतंस तर घरून तक्रार आली असती, नाण्याविरुद्ध कोण तक्रार करणार.

यानंतर, महिन्या-दीड महिन्याने, जरा अवघड घे. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो १८०१-०२ चा प्रकार, कारण त्यात आपली माणसं आपल्याच माणसांशी लढतायत आणि प्रत्येकाकडे कारण आहे. पुण्याच्या पाहुण्यांसमोर यशवंतराव होळकरांचं नाव काढून बघ, अजून लोक म्हणतात की त्यांनी पुणं लुटलं. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचा दिवस, हडपसरला पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडाला, बाजीराव पळाले, वसईला पोचले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसले. इथून गोष्ट सुरू केली की यशवंतराव व्हिलन, त्यांच्यामुळे मराठी राज्य बुडालं. बरं. आता एक वर्ष मागे ये. ऑक्टोबर १८०१, दौलतराव शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदूरवर आले, शहर लुटलं, जाळलं, राजवाडा पण जाळला. इथून सुरू केली तर व्हिलन बदलला. अजून मागे ये, जुलै १८०१, यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मारली आणि उज्जैन लुटलं, सर्जेराव त्याचाच बदला घेत होते. आणि अजून मागे, एप्रिल १८०१, पुण्यात बाजीरावांनी यशवंतरावांचा भाऊ विठोजी ह्याला हत्तीच्या पायाखाली दिलं. आता सांगा कोण व्हिलन?

वर्गाचे तीन गट कर, एक पुण्याचा, एक उज्जैनचा, एक इंदूरचा, तिघांना ह्याच चार घटना आणि तारखा लिहिलेल्या चिठ्ठ्या दे, तारखा बदलायच्या नाहीत, घटना गाळायच्या नाहीत, फक्त आपल्या गावाची गोष्ट कुठून सुरू करायची ते ठरवायचं. वीस मिनिटांत होतं. तिन्ही गट खरंच बोलतील आणि तरी तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येतील. त्या दिवशी मुलांना जे कळतं ते म्हणजे गोष्ट कुठून सुरू केली हे बघायचं, रीलवाल्याची पण आणि पुस्तकाची पण. मग नाझीझमच्या धड्याला परत त्यांना विचार की हिटलर स्वतःच्या भाषणात गोष्ट कुठून सुरू करायचा? १९१९ च्या व्हर्सायच्या तहापासून, जर्मनीवर झालेल्या अन्यायापासून. १९१४ पासून का नाही? बघ, तुझा धडा पण पुढे सरकला.

फक्त एक काळजी घे. ह्या सगळ्यातून काही पोरं असं धरून बसतात की मग काय, सगळी आपापली मतं आहेत, काहीच खरं नाही, आणि रीलवाल्यांना तर हेच पाहिजे असतं. असं नाहीये आणि ते तू अगदी ठणकावून सांगायचं. विठोजी मारला गेला हे मत नाही. हडपसरची लढाई १८०२ लाच झाली, १८०३ ला नाही. कोणाला दोष द्यायचा ह्यावर भांडा हवं तेवढं, पण काय झालं, कधी झालं, कुठे झालं ह्याचा पुरावा असेल तर तो मान्य करावाच लागतो, आवडो न आवडो. आणि पुरावा नसेल तर "माहीत नाही" म्हणायची पण सवय लागू दे, तू पण म्हण, "मला माहीत नाही, शनिवारपर्यंत बघू", पोरांच्या मनातला तुझा मान कमी होत नाही त्याने, वाढतो.

आता ते नाजूक काम. तो मुलगा म्हणजे एकटा नाही, तुझ्या वर्गात बोहरा मुली असतील, सिंधी असतील, मराठी, माळवी, सगळेच असतील आणि एक वाक्य असं येतं की अख्खा बाक खाली मान घालून बसतो. "उन लोगों ने" असं वाक्य आलं की रागावू नकोस, शांतपणे विचार, कोणी? नाव सांग. कुठल्या साली? कुठे? वाक्याचा कर्ता नीट भरून घ्यायचा, बस एवढंच. समाजाचं नाव कर्ता म्हणून चालणार नाही, माणसाचं नाव पाहिजे, हा वर्गाचा नियम कर आणि सगळ्यांना लाव, "अंग्रेजों ने" ला पण आणि "मराठों ने" ला पण. आपल्या शहराचं १८५७ घे ना. १ जुलैला रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रजांच्या प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला झाला, पुढे होता सआदत खान, होळकरांच्याच फौजेतला. रेसिडेन्सीचा इंग्रज अधिकारी ड्युरंड माणसं घेऊन सिहोरकडे निघून गेला. अमझेऱ्याचे राणा बख्तावर सिंह ह्याच बंडात उतरले, त्यांना १८५८ मध्ये इथे इंदूरला फाशी दिलं. सआदत खान बरीच वर्षं लपून राहिला, १८७४ मध्ये त्यालाही फाशी झाली. आणि महाराज, तुकोजीराव दुसरे, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे, ते कोणाच्या बाजूने होते? ड्युरंडला शेवटपर्यंत त्यांचा संशय होता, पण इंग्रज सरकारने पुढे त्यांना किताब दिला. आता कर आपलं "उन लोगों ने" चं वाक्य. होतच नाही ते. एमवाय हॉस्पिटलच्या आवारातून जाता-येता मुलांना त्या फाशीच्या कडुलिंबाच्या झाडाबद्दल माहीत पण नसतं, तिथेच नेऊन उभं कर एकदा, सगळी रेसिडेन्सी आसपासच होती.

वेळेचं. हे सगळं ऐकून तू म्हणशील ताई, कोर्स कोण पूर्ण करणार. बरोबर आहे, म्हणून रोज करू नकोस. आठवड्यातून एक पीरियड, तो पण अर्धा, शनिवारी शाळा असेल तर शनिवारी. आणि को-ऑर्डिनेटरला "मी मुलांना विचार करायला शिकवतेय" असं सांगू नकोस, त्याचं त्यांच्या रजिस्टरमध्ये खातं नसतं. त्यांना सांग की बोर्डाच्या ऐंशी मार्कांच्या पेपरात हिस्ट्रीचे वीस, त्यात उतारा देऊन प्रश्न विचारतात चार मार्कांना, आणि पोरं नेमकी तिथेच मार खातात कारण त्यांना उतारा वाचताच येत नाही, रटलेलं उत्तर तिथे चालत नाही. मी त्याची प्रॅक्टिस घेतेय. हे खरं आहे, बनवून सांगितलेलं नाहीये. उतारा कोणाचा, कधीचा, कोणासाठी लिहिला, हे तीन प्रश्न पोरांच्या तोंडात बसले की ते मार्क कुठे जात नाहीत. बाकी धड्यात जे सरळ आहे ते सरळ शिकव, भराभर शिकव, नोट्स दे, प्रत्येक पानावर चर्चा पाहिजे असं काही नाही. इटलीच्या एकीकरणाला माझ्या मते एक पीरियड पुरे.

तारखांचा पण मुलांना धाक असतो. तारखा म्हणजे खुंट्या आहेत, पाच-सात पक्क्या ठोकल्या की बाकीचं त्यांच्यावर अडकवता येतं. आणि खुंट्या आपल्या गावच्या असल्या की पडत नाहीत. नववीत फ्रेंच रिव्होल्यूशन शिकवतेस ना, १४ जुलै १७८९ ला बास्तीय पडलं, त्या दिवशी महेश्वरला अहिल्याबाई राज्य करत होत्या. दहावीत व्हिएन्ना काँग्रेस १८१५, आणि तीनच वर्षांनी मंदसौरचा तह, इंदूर होळकरांची राजधानी झालं ते तेव्हा. १८७१ ला जर्मनी एक झाला, साधारण त्याच सुमाराला तुकोजीराव इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज देत होते खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणायला. वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक लांब दोरी लाव, वर जग, खाली इंदूर, महिन्याला दोन-तीन चिठ्ठ्या मुलांनीच लावायच्या. ह्याला शिकवण्याचा वेळ जात नाही.

आणि इंडस्ट्रियलायझेशनचा धडा येईल तेव्हा मँचेस्टरला फार वेळ रमू नकोस, तुझ्याकडे मालवा मिल आहे, हुकुमचंद आहे, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी आहे. मुलांना ही नावं माहीत असतात पण फक्त अनंत चतुर्दशीच्या झांक्यांमुळे, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांमुळे! हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, ह्या मुलांच्या जन्माच्या किती आधी, पण झांकी बघायला सगळी रात्रभर जागतात आणि ज्या मजुरांनी ती परंपरा चालवली ते कोण होते हे कोणाला माहीत नसतं. तुझ्या वर्गात किमान चार-पाच जणांचे आजोबा, पणजोबा मिलमध्ये असणार, कदाचित शाळेच्या ऑटोवाल्या काकांचे वडील असतील, आयाबाईंचे सासरे असतील. मुलांना पाठव त्यांच्याशी बोलायला. पण "दादाजी, तब कैसा था?" असं विचारून काही मिळत नाही, "अच्छा था बेटा" एवढंच मिळतं. बारीक प्रश्न लिहून दे: भोंगा किती वाजता वाजायचा, पाळ्या किती, कुठल्या खात्यात होता, सूत की विणकाम, पगार कुठल्या तारखेला, पहिल्या पगारातून काय घेतलं, रात्रपाळीला डब्यात काय, मिल बंद झाल्याचं कसं कळलं, पुढचे सहा महिने घर कसं चाललं. हे शेवटचं विचारताना जपून, काही घरात ती जखम अजून ओली आहे, थकबाकीच्या पैशांची वाट बघता बघता कितीतरी म्हातारे गेले. मुलांना सांगून ठेव की समोरचा गप्प झाला तर पुढचा प्रश्न विचारायचा नाही, पाणी द्यायचं आणि बसायचं.

आणि हे लिहून आणलं की तिथे पण "कशावरून" लाव, प्रेमाने. एका आजोबांनी सांगितलं पगार शंभर रुपये, दुसऱ्यांनी तीनशे, कोणाचं बरोबर? दोघांचं असू शकतं, साल वेगळं, खातं वेगळं. जुनी पावती, ओळखपत्र, युनियनचं कार्ड घरात आहे का बघा. मराठी घरांतून तर मोडीतले कागद पण निघतात, जुन्या सनदा, जमिनीचे कागद, ट्रंकेत तळाशी कापडात बांधलेले. मोडी कोणाला वाचता येत नसेल तरी मुलांनी फोटो काढून आणावा, जुन्या वस्तीत कोणी ना कोणी वाचणारं सापडतं अजून.

पॅरेंट्सचं मी मनावर घेतलं नाही, तू पण घेऊ नकोस. स्कोप विचारणाऱ्या बाबांना एकदा भंवरकुआंला जाऊन बघा म्हणावं, एमपीपीएससीच्या, म्हणजे राज्याच्या सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेच्या, क्लासला हजारो मुलं हाच इतिहास पैसे भरून परत रटतायत. पण हे आपलं त्यांची समजूत घालायला. खरी गोष्ट ही की त्यांची मुलगी उद्या डॉक्टर होईल, इंजिनियर होईल, काहीही होईल, पण तिच्या मोबाइलवर रोज कोणीतरी तिला सांगत राहणार आहे की तुझे शत्रू कोण आणि कधीपासून, आणि तेव्हा हे तपासायचं कसं हे तिला फक्त तुझ्या वर्गात शिकायला मिळालेलं असेल, मॅथ्सच्या नाही. मीटिंगमध्ये असं बोलू नकोस, तिथे उलट मुलीची कॉपी उघडून तिने केलेला मिलचा इंटरव्ह्यू त्यांच्या हातात दे. वाचतील ते.

इंग्लिश घेऊ का विचारलंस. ह्या वर्षी तरी नको. तुझ्या पत्रात कोर्स, मार्क, को-ऑर्डिनेटर ह्यांच्यावर मिळून पाच-सहा ओळी आहेत आणि त्या एका मुलाच्या गप्प बसण्यावर दीड पान. ज्या बाईला हे एवढं लागतं तिने हा विषय सोडला तर मला वाईट वाटेल, खरंच सांगते. मार्चपर्यंत करून बघ, मग ठरव.

आणि त्या मुलाला एकट्याला बोलवून सॉरी वगैरे म्हणू नकोस, तो अवघडेल. त्याला काम दे. सांग, तुझ्या त्या रील्समधली एक निवड, एकच, ज्यात साल आणि जागा दिलेली आहे अशी, आणि त्याच्यामागचा पुरावा शोधून आण, मी पण शोधते, शनिवारी दोघं वर्गासमोर ठेवू. बरोबर निघाली तर बोर्डवर त्याच्या नावाने लिही, मोकळ्या मनाने लिही. चुकीची निघाली तर हसायचं नाही कोणी, हे आधीच सांगून ठेव, आणि विचार की ही बनवणाऱ्याने ती का बनवली असेल. पहिली चुकीची निघेल असं मला वाटतं, दुसरी तो स्वतःच आधी तपासून आणेल.

नाण्यांसाठी मुलांना नेणार असशील तर आग्रा-बॉम्बे रोडवरचं सेंट्रल म्युझियम, जीपीओजवळ. हिंगलाजगडच्या परमारकालीन मूर्ती पण तिथेच आहेत, त्या चुकवू नकोस. वीसच्या वर मुलं एका वेळी नेऊ नकोस, मागच्यांना काही दिसत नाही, आणि सोमवारी बंद असतं तेवढं बघून जा.